साठ टक्के राखीव

मधुमती आठल्ये यांचा यंत्रांवर राग नव्हता. राग होता तो यंत्राविषयी दुरून बोलणाऱ्या माणसांवर. चौतीस वर्षं त्यांनी हवामान खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. ऊन असो की गारा, दर तीन तासांनी झडपांच्या पांढऱ्या पेटीसमोर जाऊन उभं राहायचं, पारा वाचायचा आणि तिथल्या तिथे वहीत लिहायचा. खुर्चीत बसून अंदाजाने आकडे भरणाऱ्या एका सहकाऱ्याशी त्या सहा महिने बोलल्या नव्हत्या, आणि निरोप समारंभात त्याच्या हातचा पेढाही त्यांनी चिमटीएवढाच खाल्ला होता.

त्यामुळे सुश्रुत, म्हणजे त्यांचा लखनौत वाढलेला, आता बंगळुरूला असलेला मुलगा, फोनवर म्हणाला, "आई, ऐप में सिक्स्टी दिखा रहा है ना, तो सिक्स्टी ही होगा," तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली.

"तू पेटीसमोर उभा आहेस का?"

"आई, यार, मैं बैंगलोर में हूँ।"

"मग 'असेल' म्हण. 'आहे' म्हणू नकोस."

प्रकरण होतं बॅटरीचं. लखनौच्या अलीगंजमधल्या त्यांच्या घरात खाली दातांचा दवाखाना भाड्याने दिलेला, वर हे नवरा-बायको, छतावर सौर पॅनल आणि गॅरेजच्या भिंतीवर बॅटरीची कपाटाएवढी पेटी. दिवसा ऊन खाऊन बॅटरी भरायची. त्यातला साठ टक्के साठा घरासाठी राखून ठेवायचा आणि त्याच्या वरचा संध्याकाळी पाच ते आठ या वेळात बाहेरच्या तारांत सोडायचा, कारण त्या वेळी अख्खं शहर कूलर आणि एसी लावून बसतं आणि विजेची ओढाताण होते. असा बेत वर्षापूर्वी ठरला होता आणि सुश्रुतने तो ॲपमध्ये भरलाही होता.

या बेताचा खरा अभिमान हेमचंद्ररावांना. मधुमतीबाईंचे यजमान वनस्पतिशास्त्रज्ञ, उभा जन्म पानं सूर्याचं काय करतात ते बघण्यात गेलेला. आता आपलं छतही तेच करतं याचं त्यांना लहान मुलासारखं कौतुक होतं. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडली, तेव्हा घराला छोटी लिफ्ट बसवली. रोज संध्याकाळी साडेसहाला ते लिफ्टने खाली येत, वॉकर धरून गल्लीत दोन खांब चालत, मग गेटपाशी खुर्चीवर बसत. शेजारचे रणजितसिंह, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आपली खुर्ची घेऊन येत. समोरचा दिवा लागला की हेमचंद्रराव न चुकता सांगत, "रणजित जी, ये हमारी छत की धूप है।" रणजितसिंहही न चुकता नव्याने ऐकल्यासारखं मान डोलवत. लखनौच्या माणसाकडून शिकावं ते हे.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात हे सगळं बंद पडलं. हेमचंद्रराव खाली येत असताना गल्लीची वीज गेली. अशा वेळी बॅटरीने क्षणात घर सांभाळायचं, पण बॅटरी रिकामी होती. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. तिला आणीबाणीची स्वतःची छोटी बॅटरी घ्यायची की नाही असा प्रश्न बसवताना निघाला होता, तेव्हा "घरात एवढी मोठी असताना आणखी एक कशाला?" असं हेमचंद्ररावांनीच ठरवलं होतं. लिफ्ट हाताने उतरवायची कळ कुठे आहे ते रणजितसिंहांनी शोधून काढेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. बाहेर त्रेचाळीस अंश होते. आत किती असतील याचा विचार मधुमतीबाई आजही करत नाहीत.

दार उघडलं तेव्हा हेमचंद्ररावांचा लेंगा ओला होता. रणजितसिंहांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. मधुमतीबाईंनी लेंगा धुतला, वाळत घातला, घडी करून कपाटात ठेवला. दोघांत त्यावर एक शब्द झाला नाही. पण त्या दिवसापासून हेमचंद्रराव लिफ्टकडे बघेनात. खुर्चीत बसवून उचलून न्यायचं म्हटलं तर म्हणाले, "मी काय गणपती आहे?"

दोन आठवडे झाले. व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या नीलमने परवा त्यांचा पाय दाबून पाहिला आणि मधुमतीबाईंना स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "आंटी जी, पैर अकड़ रहा है। एक महीना और ऐसे बैठे रहे, तो फिर नीचे नहीं उतर पाएँगे।"

 मधुमतीबाईंनी गॅस बंद केला आणि तिथेच ठरवलं की हा माणूस पुन्हा गेटपर्यंत जाणार. त्यासाठी आधी ती पेटी रिकामी कशी झाली ते कळायला हवं होतं.

सुश्रुतचं मत तयार होतं. एसी. "गर्मी में पापा एसी चलाते हैं, बैटरी उसी में जाती है।" तरी तो गुणी मुलगा त्या प्रसंगापासून रोज रात्री न विसरता ॲपमध्ये जाऊन साठचा आकडा पुन्हा भरून ठेवत होता. बसवून देणाऱ्या विक्रमला फोन केला, तर तो म्हणाला, "आंटी जी, एक्सपोर्ट ही बंद करा दीजिए, झंझट ख़त्म।" म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तारांत वीज सोडणं बंद केलं असतं तर हेमचंद्रराव खाली येऊन सांगणार काय होते? समोरचा दिवा लागला की गप्प बसायचं? मधुमतीबाईंना नवरा गेटवर हवा होता आणि त्याचं वाक्यही हवं होतं. त्यांनी विक्रमला "बघते" म्हटलं आणि कपाटातून जुनी लांबट वही काढली.

पेटीवर तळहाताएवढा पडदा होता. वरचा आकडा म्हणजे बॅटरीत आत्ता किती आहे, खालचा म्हणजे राखीव किती ठेवायचं. सोमवारपासून मधुमतीबाई सकाळी सहा ते रात्री आठ, दर अर्ध्या तासाने गॅरेजमध्ये जाऊन उभ्या राहू लागल्या. दवाखान्यात दात दाखवायला आलेल्या माणसांना वाटलं, बाई काहीतरी अनुष्ठान करतायत. त्यांचा तसाच समज राहू दिला, कारण समजावण्यात अर्धा तास गेला असता आणि पुढचं वाचन चुकलं असतं.

पहिल्याच दिवशी पाणी कुठे मुरतंय ते दिसलं. दुपारी दोनपर्यंत खालचा आकडा साठ. अडीचला गेल्या, तर दहा. कोणी हात लावला नव्हता, वीज गेली नव्हती. वर जाऊन ॲप उघडलं, तर तिथे साठच्या साठ! पाचला पेटीने तारांत वीज सोडायला सुरुवात केली आणि साडेसहापर्यंत बॅटरी दहावर आणून ठेवली; शेवटचे दहा ती घरालाही देत नाही, म्हणजे घरापुरती रिकामीच. मंगळवारी तेच. बुधवारीही. एसीचा काही संबंध नव्हता. ॲप आपण काय सांगितलं होतं ते दाखवत होतं, आणि पेटी करायचं ते करत होती. अशी माणसंही मधुमतीबाईंनी कचेरीत पाहिली होती.

पण रोज दुपारी अडीचलाच का? बुधवारी अडीचचं वाचन लिहून त्या वर आल्या. घर शांत होतं. हेमचंद्रराव जेवून, पंखा लावून झोपले होते. उशाशी भिंतीवर बटणांची पाटी होती. पंखा सोडून सगळी बटणं बंद, आणि त्यातल्या शेवटच्या बटणाला जोडलेला वायफायचा डबा अंधारात मुका.

मधुमतीबाई पलंगाच्या कडेवर बसल्याच.

लग्न होऊन बेचाळीस वर्षं झाली, आणि या माणसाने एकदाही चालू दिवा मागे सोडला नव्हता. सिनेमाला निघाले की अर्ध्या जिन्यातून परत जाऊन बटणं बघायची. पाहुणे न्हाणीघरातून बाहेर पडतात न पडतात तो आतला दिवा बंद. हे बाळकडू वाईच्या घरचं. सासरे तर देवापुढची समई शांत झाल्यावरही तिच्याकडे संशयाने बघत. तो वायफायचा डबा आधी बैठकीत होता. एप्रिलमध्ये नीलमला पडद्यावरून व्यायाम दाखवता यावेत म्हणून तो या खोलीत आणला, आणि आणला त्या दिवसापासून जेवून आडवं होताना हेमचंद्रराव तोही बंद करत असणार. उगीच कशाला जळत ठेवायचा? जेवण दीडच्या सुमारास आटोपतं, आकडा अडीचला बदलतो; म्हणजे पेटीला तासभर इंटरनेट मिळालं नाही की ती सांगितलेलं सगळं विसरून बसवतानाच्या मूळ आकड्यावर, दहावर, परत जात असणार. पुढे पाचला उठून त्यांनी बटण लावलं तरी उपयोग नव्हता, कारण कोणीतरी पुन्हा सांगेपर्यंत पेटी दहाच धरून बसायची. आणि सुश्रुत सांगायचा रात्री.

म्हणजे त्या दिवशी लिफ्ट थांबवली ती हेमचंद्ररावांनी. स्वतःच, उजव्या हाताने, काटकसर म्हणून.

पहिल्यांदा त्यांना हसू आलं. मग रडू आलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचार करायला लागल्या. बटणावर चिकटपट्टी लावणं सोपं होतं. "हे बंद करू नका" म्हटलं असतं की झालं. पण दोन वर्षांत या माणसाच्या हातून एकेक काम गेलं होतं. भाजी आणणं गेलं, कुंड्यांना पाणी घालणं गेलं, दाढीसुद्धा आता न्हावी येऊन करायचा. पलंगावर पडल्या पडल्या उजवा हात पोचेल अशी पाच बटणं तेवढी उरली होती. घर अजून आपण सांभाळतो असं त्यांना वाटायला तेवढीच जागा. ती काढून घ्यायची मधुमतीबाईंची तयारी नव्हती. बदलायचा तो पेटीतला मूळ आकडा बदलायचा. यांनी मग खुशाल बटणं बंद करावीत.

विक्रमला फोन केला, तर तो म्हणाला, "कल पक्का।" येऊन बघण्याचं हे 'कल पक्का' तीन आठवडे चाललं होतं. तो शहराबाहेर बख्शी का तालाबकडे एका शेतावर पॅनल बसवत होता. गुरुवारी सकाळी मधुमतीबाईंनी डोक्याला ओढणी गुंडाळली, वही पिशवीत टाकली आणि ऑटो केली. अकरा वाजता त्या शेताच्या बांधावर उभ्या राहिल्या. विक्रम शिडीवर होता. वरून त्याने पाहिलं आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"आंटी जी! इस धूप में?"

"इकतालीस है। धूप मैंने बहुत देखी है। तुम नीचे आओ।"

त्यांनी वही उघडून तीन दिवसांचे आकडे त्याच्यापुढे धरले. विक्रमने कपाळाचा घाम पुसत पुन्हा पुन्हा पाहिलं. मूळ आकडा बदलायचा तर बसवणाऱ्याचा पासवर्ड लागतो, म्हणाला. सगळ्यांकडेच दहा टाकतो, कोणी कधी विचारलं नाही, असंही म्हणाला.

"और घरों में भी दस है?"

"जी... सबके यहाँ।"

"तो सबके यहाँ जाना। पहले मेरे यहाँ। कल चार बजे। नहीं तो परसों मैं यहीं कुर्सी लेकर आऊँगी।"

ती खुर्ची येणार याबद्दल विक्रमला शंका वाटली नाही. तो म्हणाला, "आऊँगा," आणि या वेळी 'पक्का' म्हणाला नाही, म्हणून मधुमतीबाईंचा विश्वास बसला.

घरी आल्या तर हेमचंद्रराव उठून बसलेले. "एवढ्या उन्हात कुठे गेली होतीस?"

"विक्रमकडे. उद्या येऊन दुरुस्त करणार आहे. परवापासून तुम्ही खाली जायचं."

"काय दुरुस्त करणार?"

"असतं काहीतरी सेटिंगमध्ये."

हेमचंद्ररावांनी चष्म्यावरून पाहिलं. "मधू, 'काहीतरी' या कारणावर मी त्या पेटाऱ्यात पाय ठेवणार नाही. कारण सांग."

मधुमतीबाई न सांगण्याचं ठरवून बसल्या होत्या. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि त्यातून हा शास्त्रज्ञ. खोटं कारण सांगितलं तर तो दोन प्रश्नांत उघडं पाडील. त्यांनी खुर्ची ओढली, समोर बसल्या आणि सगळं सांगितलं. डबा, बटण, एक तास, दहा.

 हेमचंद्ररावांनी उजवा हात पुढे केला. "वही."

त्यांनी एकेक पान वाचलं. "बटण मी किती वाजता बंद केलं, याची नोंद कुठाय?"

"ती नाही."

"मग हा पुरावा नाही, संशय आहे." आवाज कोरडा होता, पण तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यात धार होती. "उद्या नीट करू. विक्रम येण्याच्या आधी."

शुक्रवारी दुपारी जेवून हेमचंद्रराव झोपले नाहीत. त्यांनी घड्याळ बघून वायफायचं बटण बंद केलं आणि वहीत वेळ लिहिली, एक बत्तीस. मधुमतीबाई खाली पेटीसमोर उभ्या. दोन एकतीसला साठ. दोन बत्तीसला पडदा एकदा लुकलुकला आणि दहा.

त्या वर आल्या, धाप लागलेली. "दोन बत्तीस. दहा."

हेमचंद्ररावांनी डोळे मिटले. आता हा माणूस कोसळणार या भीतीने मधुमतीबाईंनी पाण्याचा पेला उचलला.

"म्हणजे हात नव्हता," ते म्हणाले.

"कसला हात?"

"हा." त्यांनी उजव्या हाताने मांडीवरचा डावा हात उचलून दाखवला, परक्या वस्तूसारखा. "मला वाटत होतं, त्या दिवशी आत हा कुठल्यातरी बटणावर पडला. मला कळलंच नाही. आता माझ्या अंगाचंच मला कळत नाही, तर पुन्हा आत कसा जाऊ, असं वाटत होतं गं."

तीन आठवडे हे मनात धरून बसलेला हा माणूस, आणि आपण त्याला खरं कारण सांगणार नव्हतो! मधुमतीबाईंना स्वतःच्याच शहाणपणाची लाज वाटली. त्यांनी तो डावा हात आपल्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. त्याला कळत होतं की नव्हतं, देव जाणे.

चार वाजून दहा मिनिटांनी विक्रम आला. हेमचंद्ररावांनी त्याला वर बोलावून पाऊण तास छळलं. मूळ आकडा साठ, लिहून दे. तारांत सोडायचं ते साठच्या वरचंच, तेही लिहून दे. विक्रम खाली गेला, पासवर्ड टाकला, आकडे बदलले आणि जाताना चहाही न घेता पळाला.

शनिवारी तीच परीक्षा पुन्हा. एक तीसला बटण बंद, अडीचला साठ, तीनला साठ. पाचला पेटी तारांत वीज सोडू लागली. वरचा आकडा उतरत उतरत पावणेसहाला साठवर आला आणि थांबला. मधुमतीबाई पडद्याला नाक लावून उभ्या होत्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. साठ.

त्या वर गेल्या. हेमचंद्रराव वॉकर धरून लिफ्टपाशी उभे होते. अंगात धुतलेला, घडीचा तो लेंगा. कोणता ते दोघांना ठाऊक होतं.

"मेन स्विच?" त्यांनी विचारलं.

"आता पाडते." गल्लीची वीज कधी जाईल याची वाट बघत बसायचं नाही, आपणच घालवायची, हे कालच ठरलं होतं. मधुमतीबाईंनी जिन्यातला मोठा खटका खाली ओढला. पंखा क्षणभर अडखळला आणि पुन्हा फिरू लागला.

दोघं आत शिरले. जागा बेताचीच. दार लागलं. लिफ्ट खाली निघाली. मधल्या त्या जागेपाशी, जिथे भिंतीतली वीट उघडी दिसते, हेमचंद्ररावांनी श्वास धरला. मधुमतीबाईंनीही. वीट वर गेली. मग दवाखान्याचा निळा दरवाजा दिसला आणि औषधाचा वास आला.

दार उघडलं. हेमचंद्रराव जागेवरच उभे. "मधू, वरची सगळी बटणं मी बंद करून आलोय. वायफायचंही. चालेल ना?"

"चालेल," त्या म्हणाल्या. 

गेटबाहेर रणजितसिंह एकटेच खुर्ची टाकून बसले होते. शेजारची दुसरी खुर्ची त्यांनी रोज मांडली होती, एकवीस दिवस. ते उठले आणि त्यांनी खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकली. आठल्यांच्या गेटचा दिवा बॅटरीवर जळत होता आणि समोरचा खांबही लागला होता.

"रणजित जी," हेमचंद्रराव म्हणाले, "जितनी देनी थी, दे दी। बाक़ी घर के लिए रखी है। पहले ज़रा चल लूँ।"

वॉकर पुढे पडला, मग उजवा पाय, मग आखडलेला डावा. पहिल्या खांबापाशी ते थांबले, दम घेतला आणि पुढे निघाले. मधुमतीबाई गेटला टेकून उभ्या राहिल्या. दुसरा खांब आला तेव्हा त्यांनी पिशवीतून वही काढली, घड्याळ पाहिलं आणि शनिवारच्या आकड्यांखाली लिहिलं: सहा बावन्न, दुसरा खांब.